म्हणे कधीच बदलणार नाही!

शनिवारी सकाळी सव्वासातला घरून फोन आला. त्या वेळी आलेला फोन म्हणजे एकतर कोणीतरी गेलं, नाहीतर बागेत काहीतरी झालं. (आमच्याकडे दोन्ही बातम्या एकाच आवाजात सांगतात.)

"अरे, हे तुझं यंत्र रोज बारा हजार लिटर पाणी दिलं म्हणतंय. मी मातीत वीतभर हात घातला, त बोटं कोरडीच निघाली."

यंत्र 'माझं', कारण ते मीच घेऊन दिलं होतं. दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षं आहेत. मुलगा पुण्यात बसून कंट्रोलर बोर्डांचं फर्मवेअर लिहितो, आणि बाप रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला जातो, हे मला बघवत नव्हतं. म्हणून ठिबकला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला. किती लिटर द्यायचे तो आकडा टाका आणि झोपा. "दादा, आता काळजी नको," असंही वर म्हणालो होतो. हे वाक्य मला अजून टोचतं.

रविवारी गावी गेलो आणि अर्ध्या तासात चोर सापडला. पाईपवर एक मीटर असतं. ठरावीक लिटर पाणी गेलं की ते कंट्रोलरला एक पल्स पाठवतं. कंट्रोलर पल्स मोजतो, लिटरने गुणतो आणि आकडा भरला की व्हॉल्व्ह बंद करतो. आमचं जुनं मीटर दर १० लिटरला एक पल्स द्यायचं. ते गाळाने जाम झालं, म्हणून मेकॅनिकने नवीन बसवलं. साईज तीच, आटे तेच, फक्त हे दर १ लिटरला एक पल्स देणारं. मीटरवर तसं छापलेलंही आहे, स्वच्छ अक्षरात. पण कंट्रोलरला कोण सांगणार? तो आपला १२०० पल्स मोजून, दहाने गुणून, रोज सकाळी छातीठोकपणे १२,००० दाखवत होता. प्रत्यक्षात पाणी जात होतं १,२०० लिटर.

गणित करून बघा. नऊ बाय पाचची लागवड, म्हणजे एकरी ९६८ वेली. दोन एकरात १,९३६. वेलीला तासाला ४ लिटरचे दोन ड्रीपर. तासाला साधारण साडेपंधरा हजार लिटर. जे काम पाऊण तासात व्हायला हवं ते पाच मिनिटांच्या आत उरकत होतं, तेही रात्रीच्या लाईटीत, सगळे झोपलेले असताना. काळी जमीन, ड्रीपरखाली वरवर ओल दिसायची. सात रात्री कोणाला कळलं नाही. आणि दिवस कुठले, तर मणी फुगायचे. मण्याला जी साईज लागते ती त्या प्लॉटला आलीच नाही. निर्यातीसाठी धरलेला माल शेवटी लोकलला द्यावा लागला. दादा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडे माझ्याच वयाचा, माझ्याच जातकुळीचा (म्हणजे फर्मवेअरवाला) मुलगा होता. बिचारा प्रांजळपणे म्हणाला, "सर, तो आकडा #डिफाइन केलेला आहे. बोर्ड कुरियर करा, नवीन बिल्ड टाकून पाठवतो."

"सेटिंग का नाही दिलंत?"

"सर, पल्सचा आकडा कधीच बदलत नाही. आम्ही मीटर नेहमी तेच देतो."

कधीच बदलत नाही. मंडळी, आजचं सगळं भांडण या तीन शब्दांशी आहे.

आधी ज्यांचा रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. प्रोग्रॅममध्ये काही आकडे चालताना बदलतात, त्यांना चल म्हणू. काही आकडे कोडाचं यंत्रभाषेत रूपांतर होतानाच, म्हणजे कंपाइल होतानाच, कायमचे ठरतात. हे कंपाइल-टाइम स्थिरांक. सी, सी++, रस्ट असल्या यंत्राच्या अगदी जवळ जाऊन बोलणाऱ्या भाषांमध्ये त्यांचं महत्त्व फार. अ‍ॅरेचा आकार त्यांनी ठरतो, छोट्या चिपची इवलीशी मेमरी त्यांनी वाचते, गुणाकार-भागाकार कंपायलर आधीच उरकून ठेवतो. हे सगळे फायदे मला मान्य आहेत. त्यावर माझं पोट भरतं. पण एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. असा आकडा बदलायचा असेल तर प्रोग्रॅम पुन्हा बांधून यंत्रात पुन्हा चढवावा लागतो. म्हणजे स्थिरांक जाहीर करणं हा नुसता तांत्रिक निर्णय नाही. 'हा आकडा बदलायचा अधिकार माझ्याशिवाय कोणालाही नाही', अशी ती सनद आहे. आणि आपण ती रोज दुपारी जेवल्यावर, डोळ्यांवर झापड असताना लिहितो.

"पण हा आकडा खरंच बदलणार नाही हो!" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

सर्व्हिस टॅक्स १२.३६ टक्के होता. जून २०१५ मध्ये १४ झाला, त्याच नोव्हेंबरात १४.५, जून २०१६ मध्ये १५, आणि जुलै २०१७ मध्ये तो टॅक्सच गेला आणि जीएसटी आला. आकडा कोडात घट्ट बसवणाऱ्यांनी दोन वर्षांत चार वेळा माती खाल्ली असणार. बरं, टॅक्स सोडा, सरकारचा काय भरवसा! घड्याळ घ्या. भारताची प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे, यापेक्षा पक्कं काय असणार? पण देशाने १९०६ मध्ये ती स्वीकारल्यावरही मुंबईत मुंबईची वेगळी वेळ वापरात होती, ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि ती थेट १९५५ पर्यंत टिकली. नेपाळने तर १९८६ मध्ये आपलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकवलं.

तरी समाधान नाही? मग आपल्याच घरातलं घ्या. मेमरीचं पेज ४०९६ बाइट्सचं असतं, हे आपण कॉलेजात जपासारखं पाठ केलं. अँड्रॉइडच्या अ‍ॅप्समध्ये हा आकडा वर्षानुवर्षं स्थिरांक म्हणून बसला होता. २०२४ मध्ये अँड्रॉइड १५ ने १६ केबीची पेजं चालवायची सोय केली आणि ज्यांनी ज्यांनी ४०९६ गृहीत धरलं होतं त्यांची धावपळ सुरू झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी बनवलेल्या नव्या अ‍ॅप्सना व अपडेट्सना १६ केबी चालणं प्ले स्टोअरने सक्तीचं केलं. खरं उत्तर आधीपासून साधं होतं: पेज केवढं आहे ते चालताना सिस्टिमला विचारा. विचारलं कोणी नाही, कारण 'कधीच बदलत नाही'.

आता आमच्या भागातलं. २०१० साली मी शाळेत होतो, पण त्या हंगामातले घरातले चेहरे लक्षात आहेत. युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं म्हणून अडकली. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात, एप्रिल छाटणीनंतर फुटीची वाढ रोखायला वापरायचं औषध. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आणि आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत हे नावच नव्हतं! बागेपासून कंटेनरपर्यंत माग काढणारी अपेडाची 'ग्रेपनेट' ही संगणक प्रणाली तोवर चार वर्षं चालू होती, २००६ पासून. प्रयोगशाळा होत्या, अहवाल होते. चुकली ती यादी. त्यानंतर ती सुधारली, आणि आता तर हंगामागणिक तिचा आढावा होतो. का? कारण ०.०५ हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही. तो ब्रसेल्समधल्या कोणीतरी ठरवलेला आहे आणि उद्या तेच तो बदलू शकतात. असा आकडा कोणी कोडात स्थिरांक म्हणून लिहिला, तर त्याला मी मोहाडीच्या पॅकहाऊससमोर उभा करीन आणि म्हणेन, बाबा रे, यांना समजावून सांग.

तर माझा मुद्दा एका प्रश्नात मावतो. आकडा बदलेल का, हे विचारूच नका. त्याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं, आणि आपण नेहमी 'नाही' असंच देतो. विचारा, हा आकडा बदलायचा अधिकार कोणाचा आहे?

कोणाचाच नसेल, तर बिनधास्त स्थिरांक करा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. एकर म्हणजे ४० गुंठे. तासाची साठ मिनिटं. इथे सेटिंग देणारा वेडाच म्हणायचा. अधिकार बोर्ड बनवणाऱ्याचा असेल, म्हणजे कोणती तार कुठल्या पिनला, कॉइलला जास्तीत जास्त किती करंट, तर तेही स्थिरांकच, कारण ते बदलायचं तर सोल्डरिंग गन लागते. अधिकार सरकारचा, युरोपचा, बाजार समितीचा असेल, तर तो आकडा डेटा आहे. त्याला तारीख लावून बाहेर ठेवा. आणि अधिकार वापरणाऱ्याचा असेल, तर तो त्याचा त्याला परत द्या. मीटर शेतकऱ्याने विकत घेतलेलं, पाईप त्याचा, पाणी त्याचं, आणि एका पल्सला किती लिटर हे ठरवणार तुम्ही, एसीत बसून?

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो, सेटिंग दिलं तर शेतकरी काहीतरी भलतंच टाकून ठेवेल." या वाक्याची मला खरी चीड आहे. माझे वडील दहावी नापास आहेत. डिपिंगच्या आधी शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए म्हणजे दहा पीपीएम, हा हिशोब ते तोंडी करतात आणि तो चुकला तर घड वाया जातात हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्या माणसाला मीटरवरचा '१' वाचून स्क्रीनवर '१' टाकता येणार नाही? भीती वाटते तर फक्त १, १० आणि १०० हेच पर्याय द्या. पण 'त्यांना कळणार नाही' म्हणून आकडा चिपमध्ये गाडून टाकणं याला मी सुरक्षितता म्हणत नाही. हा माज आहे.

आता दुसऱ्या बाजूची मंडळी हसत असतील. सगळं कॉन्फिग फाइलमध्ये टाका, फ्लेक्झिबिलिटी, फ्लेक्झिबिलिटी! थांबा, तुमचाही नंबर आहे. आमचा बोर्ड तीन आठवड्यांनी परत आला. कंपनीने चूक मनावर घेतली होती, जरा जास्तच. नव्या फर्मवेअरमध्ये पल्सचं सेटिंग आलं, आणि त्यासोबत जे जे दिसलं ते सगळंच मेनूत आलं. त्यात व्हॉल्व्हच्या कॉइलला किती मिलिसेकंद करंट द्यायचा हेसुद्धा होतं! बटणं दाबता दाबता कोणाच्या तरी हातून तिथे एक शून्य जास्त पडलं आणि दोन दिवसांत कॉइल जळाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जो आकडा वापरणाऱ्याचा होता तो चिपमध्ये पुरला होता, आणि जो फक्त बोर्ड बनवणाऱ्याचा होता तो चव्हाट्यावर मांडला. दोन्ही वेळा चूक एकच, अधिकार कोणाचा हे कोणी विचारलंच नाही.

बरं, समजा प्रश्न विचारला आणि उत्तर 'स्थिरांक' असंच आलं. मग तो जाहीर कसा करायचा? इथे माझं दुसरं भांडण, आणि ते आमच्या सीनियर लोकांशी आहे. "#डिफाइन आहे की! तीस वर्षं चालतंय."

चालतंय, पण ते काय आहे हे तरी बघा. #डिफाइन म्हणजे कंपाइल करण्याआधीचं 'शोधा आणि बदला'. त्याला ना प्रकार, ना एकक, ना अक्कल. वेलीतलं अंतर म्हणून नऊ गुणिले पाच असं कंस न घालता डिफाइन करा आणि एकराच्या ४३,५६० चौरस फुटांना त्याने भागा. उत्तर ९६८ यायला हवं. येतं २४,२००! कारण मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो. आधी नवाने भागलं जातं, मग पाचाने गुणलं जातं. एकरी चोवीस हजार वेली... आमच्या तालुक्यात जागा कमी पडेल. :-)

"कंस घालायचा ना मग!" घाला. आता एकर म्हणजे ३३ गुणिले ३३ गुणिले ४०, कंसासकट, आठ-बिटच्या एव्हीआर चिपवर कंपाइल करा. तिथे साधा इंट सोळा बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. ४३,५६० त्यात मावत नाही आणि हातात साधारणपणे उणे २१,९७६ पडतं. उणे एकर! जमिनीच्या वाटणीवरून भांडणाऱ्या भाऊबंदांनीही एवढी मजल मारलेली नाही. कंपायलर एक इशारा देतो, पण बिल्ड होतं. आणि दोनशे इशाऱ्यांमधला हा दोनशे एकावा वाचतो कोण?

काही जण म्हणतात, मग कॉन्स्ट लावा. सी मध्ये कॉन्स्टचा अर्थ 'स्थिरांक' असा नाहीच, 'या नावाने यात लिहू नका' एवढाच आहे. म्हणून सी च्या नियमाने कॉन्स्ट इंट घेऊन ग्लोबल अ‍ॅरेचा आकार ठरवता येत नाही की स्विचच्या केसमध्ये तो वापरता येत नाही. लोक मग एनमची पळवाट काढतात किंवा मुकाट #डिफाइनकडे परत जातात. सी++ ने २०११ मध्ये कॉन्स्ट-एक्स्प्र आणलं. सी ने तो शब्द घ्यायला २३ ची आवृत्ती उजाडावी लागली, तीही फक्त व्हेरिएबलपुरती. रस्टमध्ये कॉन्स्ट लिहिताना त्याचा प्रकार लिहावाच लागतो, सुटका नाही. आणि तिथे सोळा बिटांत एकर कोंबायला गेलात तर इशारा-बिशारा नाही, सरळ एरर. बिल्ड होतच नाही. सी++ मध्ये कॉन्स्ट-एक्स्प्र इंट लिहिलात तरी तेच.

मला हेच हवंय. चूक व्हायचीच असेल तर ती माझ्या स्क्रीनवर, दिवसाउजेडी, चहा पिताना व्हावी. रात्री अडीचला बागेत नको.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. स्थिरांक लिहायचा तर त्याचा प्रकार लिहा. नावातच एकक घाला, नुसतं 'फॅक्टर' नको, 'लिटर प्रति पल्स' असं लिहा. तयार उत्तर न लिहिता ते कुठून आलं ते लिहा. ४३,५६० लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही ते कशाचे. ३३ गुणिले ३३ गुणिले ४० लिहा, गुणाकार कंपायलर करेल, चालताना एक क्षणही जादा लागणार नाही. आणि खाली एक स्टॅटिक अ‍ॅसर्ट टाका. म्हणजे कंपायलरला सांगा की हे गृहीत खोटं ठरलं तर बिल्डच होऊ देऊ नकोस. सी++ मध्ये आणि सी मध्ये ही सोय २०११ पासून आहे. पंधरा वर्षं होत आली. अजून किती वाट बघायची?

आता शेवटचं, जे लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या कंपनीतल्या पोरावर चरफडत मी ऑफिसला आलो आणि सहज आमच्याच कोडात शोधलं. एका प्रॉडक्टमध्ये पाण्याच्या टाकीची उंची #डिफाइन केलेली सापडली, १५०० मिलिमीटर. शेजारी टिप्पणी, 'टेंपररी, नंतर बदलू'. कोणी लिहिलंय बघितलं. दोन वर्षांपूर्वी, मीच. कोणाच्या तरी गच्चीवर तेराशेची टाकी असेल आणि माझा कंट्रोलर रोज तिला रिकाम्यातच काढत असेल. पाणी वाहून जातंय आणि घरमालक मोटरला शिव्या घालतोय. रिव्ह्यू दोघांनी केला होता. कोणीही विचारलं नाही, टाकी कोणाची?

ती ओळ त्याच दिवशी बदलली. त्या फाइलमध्ये एकूण एकशे चाळीस डिफाइन्स होती. प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारत बसलो. एकतीस आकडे माझे नव्हतेच, दुसऱ्याचे होते. मॅनेजर म्हणाला, "क्लायंटने मागितलं नव्हतं." खरंय. दादांनीही मागितलं नव्हतं. मागायला हवं हे त्यांना कळणार कसं?

तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की चहा घ्यायच्या आधी एवढं करा. आपल्या कोडातले स्थिरांक काढा आणि एकेकाला त्याच्या मालकाचं नाव विचारा. आणि कोणी 'कधीच बदलत नाही' म्हणालं, तर त्याला दिंडोरीला पाठवा. वणी रस्त्याने या, बाग दाखवतो.

ता. क. - परवा गावी गेलो होतो. कंट्रोलरच्या डब्यावर दादांनी खडूने लिहून ठेवलंय: 'मीटर बदलले तर आतला आकडा बदलणे.' सगळ्या प्रकरणातलं एकमेव डॉक्युमेंटेशन.